अक्षरांचे रणांगण : महाकाय यंत्रमानवांच्या एका खेळाची तोंडओळख

संगणकावरील खेळ म्हटले की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात आणि विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे महागडी यंत्रे उभी राहतात. वडीलधाऱ्यांना वाटते, हा वेळेचा अपव्यय. विद्यार्थ्यांना वाटते, हा आपल्या ऐपतीबाहेरचा शौक. ज्या खेळाची ओळख येथे करून द्यावयाची आहे तो या दोन्ही समजुतींना पुष्कळसा अपवाद आहे. तो जुन्यापुराण्या संगणकावर चालतो, कर्त्याने तो विनामूल्य दिलेला आहे आणि त्याला चपळ बोटांपेक्षा शांत डोके अधिक लागते. मुख्य म्हणजे, हरावे कसे आणि हरल्यावर शिकावे कसे, हे तो फार चांगले शिकवतो.

खेळाचे नाव 'गिअरहेड'. कर्ता जोसेफ ह्यूइट. प्रकार विज्ञानकथात्मक 'रोगलाइक'. आणि विषय, माणसाने आत बसून चालवावयाचे महाकाय यंत्रमानव. यांतील 'रोगलाइक' आणि 'यंत्रमानव' या दोन शब्दांचा उलगडा आधी करू आणि मग प्रत्यक्ष खेळाकडे वळू.

'रोग' कसला?

प्रथम हे सांगितले पाहिजे की या नावाचा आपल्या वैद्यकातील रोगाशी काही संबंध नाही. इंग्रजीतील हा शब्द भामट्याचा वाचक आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ रचला. पुढे केन अर्नोल्ड हा तिसरा त्यांना येऊन मिळाला. त्या काळच्या पडद्यावर चित्रे नव्हती. चोवीस ओळी आणि प्रत्येक ओळीत ऐंशी अक्षरे मावतील एवढीच जागा. त्यांनी त्या अक्षरांचीच चित्रे केली. '@' हे चिन्ह म्हणजे खेळाडू. इंग्रजी वर्णमालेतील सव्वीस मोठी अक्षरे म्हणजे सव्वीस जातींचे राक्षस: 'बी' म्हणजे वटवाघूळ, 'डी' म्हणजे ड्रॅगन. खेळाडूने तळघराचे मजले उतरत सव्विसाव्या मजल्यावर जायचे, तेथील ताईत घ्यायचा आणि जिवंत वर यायचे. १९८३ साली बर्कलेच्या युनिक्स प्रणालीबरोबर हा खेळ देशोदेशीच्या विद्यापीठांत गेला आणि त्याच्यासारखे अनेक खेळ निघाले. 'रोगलाइक' म्हणजे 'रोग'च्या वळणाचे ते हेच.

या कुळाची तीन लक्षणे नवख्याने ध्यानात ठेवावीत.

पहिले लक्षण असे की येथे काळ खेळाडूसाठी थांबतो. तुम्ही कळ दाबली की तुमची एक हालचाल होते, मग शत्रूची. मध्ये तुम्ही उठून चहा पिऊन आलात तरी शत्रू जागचा हलत नाही. म्हणून येथे घाईला बक्षीस नाही.

दुसरे लक्षण असे की प्रत्येक डावाचा नकाशा नवा असतो. पत्ते पिसून वाटावेत तसे संगणक खोल्या, वाटा, शत्रू आणि वस्तू दर वेळी नव्याने मांडतो. आदिलाबादच्या डोकरा कामाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती कला ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन उमगेल. मेणाच्या आकृतीवर मातीचा साचा चढतो, मेण वितळून धातू ओतला जातो आणि मूर्ती बाहेर काढण्यासाठी साचा फोडावाच लागतो. कृती तीच, पण दुसरी मूर्ती हुबेहूब पहिलीसारखी होत नाही. तसेच येथेही आहे. म्हणून मित्राने सांगितलेला मार्ग पाठ करून उपयोग नसतो. नियम समजून घ्यावे लागतात.

तिसरे लक्षण मरणाचे. रूढ रोगलाइकमध्ये पात्र मेले की मेले. मागच्या वळणावर परत जाऊन चूक पुसता येत नाही. डाव पहिल्यापासून मांडावा लागतो. नवखे लोक येथेच नाराज होऊन खेळ सोडतात. परंतु या कठोर नियमामुळेच प्रत्येक पाऊल विचारपूर्वक टाकण्याची सवय लागते.

वेठ आणि यंत्रमानव

आता यंत्रमानवाविषयी. 'रोबो' किंवा 'रोबोट' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. चेक भाषेतील 'रोबोटा' म्हणजे जमीनदारासाठी सक्तीने करावयाचे काम, आपल्या भाषेत वेठ. तेलंगणात निजामी अमदानीत 'वेट्टी' या नावाने हीच प्रथा होती आणि येथील जुन्या पिढीला तो शब्द समजावून सांगावा लागत नसे. म्हणजे यंत्रमानव हा शब्द जन्मला तो वेठबिगाराच्या पोटी, ही गोष्ट आपल्या भागातील वाचकाला इतरांपेक्षा लवकर भिडावी.

जपानी चित्रकथांनी या कल्पनेला निराळे वळण दिले. १९७२ सालच्या गो नागाई यांच्या 'माझिंगर झेड'मध्ये एक मुलगा प्रचंड यंत्रमानवाच्या डोक्यात बसून तो स्वतः चालवतो. १९७९ सालच्या 'गंडाम'मध्ये असे यंत्रमानव दैवी शक्तीचे राहिले नाहीत. ते रणगाड्यासारखे युद्धाचे साधन झाले, मोडू लागले, दुरुस्तीला जाऊ लागले. या आत बसून चालवावयाच्या यंत्रांना 'मेका' म्हणतात. 'गिअरहेड' हा खेळ या परंपरेतील आहे.

मराठी वाचकाला विज्ञानकथा परकी नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत डॉ. जयंत नारळीकर यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने कथा पाठविली आणि ती पहिली आली, ही हकिगत सर्वश्रुत आहे. फरक एवढाच की कथेत पुढे काय होणार हे लेखक ठरवतो. या खेळात ते काही अंशी तुम्ही ठरवता आणि काही अंशी नशीब.

गिअरहेडचे जग

महासत्तांच्या अणुयुद्धाने पृथ्वी उद्ध्वस्त झाली, त्याला सुमारे दीडशे वर्षे लोटली आहेत. माणसांनी नवी नगरे वसविली आहेत. जुन्या युगातील शस्त्रे आणि प्रयोगशाळांत निपजलेले राक्षसी जीव अजून अधूनमधून डोके वर काढतात. अशा जगात तुम्ही एक तरुण चालक आहात. जवळ एक साधासा मेका आणि थोडे पैसे. पुढे काय करावयाचे ते तुमच्यावर आहे. संरक्षणाची कामे घ्यावीत, झुंजी खेळाव्यात, लोकांशी मैत्री करावी, सोबती जमवावेत.

हा खेळ प्रथम पास्कल भाषेत लिहिला गेला. पुढे 'गिअरहेड २' आला आणि त्यानंतर पायथन भाषेत लिहिलेला 'गिअरहेड कॅरमेल'. या खेळांचा मूळ कार्यक्रम कोणीही वाचावा, बदलावा अशी मोकळीक कर्त्याने दिली आहे. पहिला खेळ निव्वळ अक्षरांच्या रूपातही मिळतो आणि चित्रांच्या रूपातही. जुना संगणक असेल तर अक्षरांचे रूप घ्यावे.

सुरुवात कशी करावी?

पहिला धडा अक्षरांचा. आपल्याकडे गोदावरीकाठी बासरच्या सरस्वतीपुढे लहान मुलांचा अक्षराभ्यास होतो; येथेही तसाच श्रीगणेशा करावा लागतो. पडद्यावर '@' कोठे आहे, भिंत कोणत्या चिन्हाने दाखविली आहे, दार कोणते, माणूस कोणता हे ओळखण्यात पहिला अर्धा तास घालवावा. चालण्यासाठी अंकांच्या कळा वापराव्यात, म्हणजे तिरकेही चालता येते. आज्ञांची यादी छोट्या कागदावर उतरून पडद्याशेजारी चिकटवावी. दोन-तीन डावांनंतर त्या कागदाकडे पाहावे लागत नाही.

दुसरा धडा पात्र घडविण्याचा. शरीरबळ, चपळता, वेग, निरीक्षण, कारागिरी, मनोबल, ज्ञान आणि लोकांना आपलेसे करण्याची हातोटी असे आठ मूळ गुण आहेत आणि त्यांवर आधारलेली अनेक कौशल्ये. नवख्याचा मोह असा की सर्व काही थोडे थोडे शिकावे. तो टाळावा. मेका चालविणे आणि मेकाची बंदूक चालविणे ही दोन कौशल्ये आधी बळकट करावीत. मग दुरुस्ती आणि संभाषण यांकडे वळावे. संभाषण कशाला, असे कोणी विचारील. कारण कामे माणसांकडून मिळतात आणि बातमीही माणसांकडूनच कळते. नगरात फिरून प्रत्येकाशी बोलणाऱ्या खेळाडूला जे कळते, ते बंदूक घेऊन सरळ वेशीबाहेर पडणाऱ्याला कळत नाही.

तिसरा धडा यंत्र समजून घेण्याचा. गिअरहेडमधील मेका म्हणजे एक अखंड वीरपुरुष नव्हे. धड, डोके, हात, पाय, पंख असे त्याचे अवयव असतात आणि त्यांच्या आत इंजिन, तोल सांभाळणारे यंत्र, टेहळणीचे यंत्र, चालकाची बैठक असे भाग असतात. गोळी लागते ती अमुक एका अवयवाला. हात तुटला तर हातातील शस्त्रही गेले. पाय निकामी झाला तर चालणे कठीण. त्यामुळे 'माझी शक्ती किती उरली' हा प्रश्न येथे अपुरा आहे; 'माझे काय उरले आहे आणि त्यातून काय करता येईल' असे विचारावे लागते. लंगड्या मेकाने आडोसा धरून दूरवरून नेम साधावा. शस्त्र गमावलेल्याने निघून जावे.

वजनाचे भान येथेच ठेवावे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर कापसाची गाडी किती भरावी हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. चार क्विंटल जास्त भरले की चाक रुतलेच. मेकावर तोफा आणि क्षेपणास्त्रे लादत गेले की त्याचा चपळपणा कमी होतो आणि नेमही बिघडतो. दुकानात जे सर्वांत मोठे दिसते ते घेऊ नये. गोळ्यांच्या बंदुकीचा साठा मोजका असतो. किरणास्त्रांना गोळ्या लागत नाहीत. दोन्हींपैकी एकेक जवळ असावे.

चौथा धडा लढाईचा. अंतर, आडोसा, तुमचा वेग आणि शत्रूचा वेग यांवर नेम लागण्याची शक्यता ठरते. भरधाव जाणाऱ्याला गोळी लागणे कठीण. पण भरधाव जाणाऱ्याचा स्वतःचा नेमही कच्चा राहतो. मोकळ्या मैदानात तीन शत्रूंच्या मधोमध उभे राहू नये. एका वेळी एकच शत्रू आपल्याला पाहू शकेल अशी जागा शोधावी. तुमचे तोंड कोणीकडे आहे यालाही महत्त्व आहे, कारण सर्व शस्त्रे सर्व दिशांना मारा करीत नाहीत.

माघारीचे गणित

आता सर्वांत महत्त्वाचा धडा, माघारीचा. आपल्याकडे पळणाऱ्याला भ्याड म्हणण्याची रीत आहे. गणित मात्र निराळे सांगते. समजा, एखाद्या लढाईतून तुम्ही जिवंत सुटण्याची शक्यता शंभरात नव्वद आहे. ही शक्यता भरवशाची वाटते. पण अशा दहा लढाया लागोपाठ केल्या तर दहाही लढायांतून सुटण्याची शक्यता शंभरात केवळ पस्तीस उरते, कारण ०.९ ला स्वतःशी दहा वेळा गुणले की उत्तर सुमारे ०.३५ येते. तेच प्रत्येक लढाईत शंभरात नव्याण्णव शक्यता असेल तर दहा लढायांनंतर नव्वद उरते. म्हणजे जो 'बहुतेक जिंकू' अशा लढाया लढतो तो लवकरच संपतो, आणि जो 'जवळजवळ नक्की जिंकू' अशाच लढाया निवडतो तो टिकतो. मेका निकामी झाला तरी चालक वाचू शकतो. यंत्र पुन्हा मिळते. संख्याशास्त्राच्या तासाला जे रुक्ष वाटते ते येथे जिवावर बेतते, आणि म्हणूनच नीट ध्यानात राहते.

लढाईनंतरही काम संपत नाही. दुरुस्तीला पैसे लागतात, गोळ्या भरायला पैसे लागतात. कामाची बिदागी मोठी दिसली तरी तीतून हा खर्च वजा करून पाहावा. पडलेल्या शत्रूचे यंत्र धड स्थितीत हाती लागले तर ते विकता येते अथवा त्याचे भाग आपल्याला बसविता येतात. म्हणून शत्रूच्या चिंध्या करणाऱ्या शस्त्रापेक्षा त्याला नेमके निकामी करणारे शस्त्र कधी कधी अधिक लाभदायक ठरते.

मरणाची वही

इतके करूनही पात्र मरणारच. पहिली काही पात्रे तर फार लवकर मरतील. त्यासाठी एक वही घालावी. तीत चार रकाने आखावेत. पात्र कोठे मेले, त्या वेळी जवळ काय होते, मरणाचे कारण काय, आणि पुढच्या वेळी निराळे काय करावयाचे. 'नशीब वाईट' हे कारण लिहिण्यास स्वतःला मनाई करावी. नशिबाचा भाग असतोच. पण पत्ते वाईट आले तरी डाव कसा खेळला हे तपासता येते. दहा नोंदी झाल्या की आपलीच एखादी सवय त्यांत वारंवार दिसू लागते. उदाहरणार्थ, दुरुस्ती न करताच दुसरे काम घेणे किंवा निघून जाण्याचा विचार फार उशिरा करणे. जे प्रयोगवहीचे महत्त्व, तेच या वहीचे.

हा मुद्दा मी मुद्दाम लांबविला, कारण माझ्या मते या खेळाचे खरे मोल येथे आहे. आपल्या जिल्ह्यातील बहुसंख्य विद्यार्थी कोरडवाहू कापसाच्या घरातून येतात. त्या घरात चूक महाग असते. बियाणे चुकले, पेरणी आठ दिवस आधी झाली आणि पाऊस लांबला, तर वर्ष जाते. अशा घरात वाढलेला मुलगा किंवा मुलगी जपून राहायला शिकते. वर्गात शंका विचारत नाही, कारण हसे होईल. उत्तर अर्धवट सुचले तर पाटी कोरी ठेवते. एकदा नापास झाली तर शिक्षणच सोडते. यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या घरच्या अनुभवाने शिकविलेले ते शहाणपण आहे. परंतु विद्या या रीतीने येत नाही. विद्येला अशी जागा हवी असते जेथे चूक स्वस्त आहे आणि तरीही ती खरी चूक आहे. प्रयोगशाळा अशी जागा आहे, खेळाचे मैदान आहे, आणि अक्षरांनी भरलेला हा काळा पडदाही आहे. येथे शंभर वेळा मरता येते, कोणाचे कर्ज होत नाही, आणि शंभरावे मरण पहिल्यापेक्षा शहाणे असते.

भाषेची अडचण

खेळातील सर्व संभाषण इंग्रजीत आहे. घरी मराठी किंवा गोंडी, बाजारात तेलुगू आणि पुस्तकात इंग्रजी अशी आपल्या विद्यार्थ्याची स्थिती असते. त्यामुळे सुरुवातीला अडखळायला होणार. यावर उपाय असा की दोघांनी मिळून खेळावे. एकाने कळा दाबाव्यात, दुसऱ्याने शब्दकोश घेऊन बसावे, आणि पात्र मेले की जागा बदलाव्यात. वाक्ये लहान असतात आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, म्हणून प्रगती लवकर होते.

असा खेळ मराठीत किंवा आपल्या कन्नड विभागातील मित्रांच्या भाषेत का नसावा, असा प्रश्न साहजिक आहे. त्यात एक गमतीची तांत्रिक अडचण आहे. जुन्या पडद्यावर प्रत्येक घरात एकच अक्षर आणि प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी. आपल्या लिपीत 'कि' लिहिताना वेलांटी 'क'च्या नंतर टंकावयाची पण दिसते आधी. 'क्ष्म्य'सारखे जोडाक्षर एका घरात कोंबले तर वाचता येत नाही. कन्नडमध्येही ओत्तक्षर ओळीखाली उतरते. मात्र नकाशासाठी सुटी मुळाक्षरे पुरेशी आहेत. 'र' म्हणजे रोबो, 'भ' म्हणजे भिंत, 'द' म्हणजे दार असे ठरविले की काम भागते, आणि संभाषण वेगळ्या चौकटीत छापता येते. तेव्हा ही अडचण अशक्य कोटीतील नाही. कोणी तरी बसून सोडवावयाची आहे.

आणि ते कोणी तरी विद्यार्थीच असू शकतात. २००५ पासून जगभरचे हौशी लोक दर वर्षी सात दिवसांत एक छोटा रोगलाइक पूर्ण करण्याचा उपक्रम करतात. 'कॉगमाइंड' या गाजलेल्या खेळाचे पहिले रूप २०१२ च्या अशाच आठवड्यात जोश गे याने रचले होते. त्यात खेळाडू स्वतःच एक यंत्रमानव असतो आणि पाडलेल्या यंत्रांचे भाग जोडून स्वतःला घडवत जातो. गिअरहेड जमू लागला की दुसरी पायरी म्हणून तो पाहावा. चित्रकार नको, संगीत नको. चौकटींचा तक्ता, यादृच्छिक संख्या आणि काही नियम एवढ्यावर खेळ उभा राहतो. पायथनचा पहिला अभ्यासक्रम पुरा केलेल्या विद्यार्थ्याला '@' हे चिन्ह चार भिंतींच्या खोलीत फिरवून दाखविणे एका दुपारचे काम आहे.

एक सावधगिरी

शेवटी एक सूचना. 'आणखी एकच डाव' म्हणत रात्र सरते, हा या कुळातील सर्व खेळांचा अवगुण आहे. काळ पडद्यावर थांबतो, घड्याळात थांबत नाही. म्हणून आधीच ठरवावे: एक पात्र, एक तास, वहीतील एक नोंद. परीक्षेच्या महिन्यात वही मिटून ठेवावी. पात्राला कितीही जन्म मिळोत, हिवाळी सत्र एकदाच येते.

इतके पथ्य पाळून ज्याला हा खेळ पाहावयाचा असेल त्याने तो जरूर पाहावा. महाविद्यालयाच्या संगणक-कक्षातील अडगळीत पडलेले एखादे जुने यंत्रही त्याला पुरेल. पहिल्या दिवशी पात्र मरेल. दुसऱ्या दिवशी ते का मेले हे कळेल. तिसऱ्या दिवशी ते थोडे उशिरा मरेल, आणि शिकणे म्हणजे दुसरे काय असते?